आधी कोण देणार, शेवटी कोण सोसणार

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस महाराष्ट्रात चर्चा होती ती जामिनाच्या अटीत घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाची, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपांची आणि मुलाला प्रौढ मानून खटला चालवायचा की नाही याची. राग रास्तच होता. पण त्या गदारोळात एक प्रश्न मागेच राहिला: गेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई कोणी द्यायची, किती आणि कधी? अल्पवयीन चालकाच्या अपघातात शिक्षेचा कायदा मुलाच्या वयापाशी येऊन अडखळतो. भरपाईच्या कायद्याचे तसे नाही, उलट चालक अल्पवयीन आहे एवढ्यावरच गाडीमालकाची बाजू लंगडी होते. म्हणून माझे म्हणणे असे, की अशा अपघातात पैसे आधी विमा कंपनीने द्यावेत आणि शेवटी ते, ज्याच्या ताब्यात किल्ली होती त्याच्या खिशातून जावेत. यातले पहिले अर्धे आपल्याकडे रडतखडत का होईना, होते. दुसरे अर्धे बहुतेक गाडीमालकांना ठाऊकच नसते.

हे म्हणणे सगळ्यांना पटणारे नाही. न पटणाऱ्यांची बाजू पुरी मांडल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही, ही आपल्याकडची पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची जुनी शिस्त. तिला धरून इथे दोन काल्पनिक माणसे बोलती केली आहेत. एक बारावीतल्या मुलाचे वडील, ज्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गाडी आणि एक स्कूटर उभी असते. दुसऱ्या, मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे अपघातग्रस्तांच्या वतीने उभ्या राहणाऱ्या वकीलबाई.

पालक : मॅडम, दोन्ही गाड्यांचा थर्ड पार्टी विमा मी न चुकता भरतो. कायद्यानेच सक्ती केली आहे म्हणून भरतो. मग उद्या देव न करो, मुलाच्या हातून काही झालं तर भरपाई कंपनीने द्यायची. त्यासाठीच तर हप्ता घेतला. पैसे घेताना कंपनी पुढे आणि द्यायची वेळ आली की मी पुढे, हा कुठला न्याय?

वकीलबाई : कंपनी देईल, साहेब. पण ती समोरच्याला देईल, तुम्हाला वाचवायला नाही. पॉलिसीत अट आहे, गाडी वैध लायसन असलेल्यानेच चालवायची. सतरा वर्षांच्या मुलाला चारचाकीचं लायसन मिळूच शकत नाही. म्हणजे अट मोडली. आता अट तुम्ही मोडली आणि जीव तिसऱ्याचा गेला. त्या तिसऱ्याने तुमच्या पॉलिसीवर सही केली नव्हती, मग त्याच्या घरच्यांना रिकाम्या हाताने का पाठवायचं? म्हणून कोर्ट कंपनीला सांगतं, आधी दे आणि मग मालकाकडून वसूल कर.

ही ‘आधी दे, मग वसूल कर’ची वाट २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंह खटल्यात नीट आखून दिली. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने तिच्यात शहाणपण आहे. विमा कंपनी आणि गाडीमालक यांच्यात कराराचे भांडण असेल तर त्यांनी ते आपसात मिटवावे, तोवर विधवेने वा म्हाताऱ्या आईबापांनी ताटकळत बसू नये. पालकांचा आक्षेप इथे चुकतो, कारण हप्ता भरून ते कंपनीकडे जोखीम सोपवतात ती लायसनधारक चालकाची. लायसन नसलेल्या मुलाची जोखीम कंपनीने कधी घेतलीच नव्हती, तिचा हप्ताही कोणी भरला नव्हता. तरीही कंपनीला आधी पैसे काढावे लागतात, ते केवळ रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी. ज्याला या सोयीचा सर्वात कमी हक्क आहे तो गाडीमालकच ती आपली ढाल समजतो.

पालक : ठीक आहे. पण मुलाने किल्ली चोरून नेली तर? मी रात्री झोपलेलो. पठ्ठ्याने खुंटीवरची किल्ली उचलली आणि मित्रांना घेऊन गेला. यात माझा काय दोष? बापाने रात्रभर गाडीवर पहारा ठेवायचा का?

वकीलबाई : पहारा नको, पण किल्ली खुंटीवर होती हे तुम्हीच सांगितलंत.

या एका खुंटीवर अनेक खटले अडकले आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. मोटारसायकल मामाकाकांपैकी एकाची, चालवणारा नात्यातलाच अल्पवयीन मुलगा, आणि मालकाचे म्हणणे असे की त्याने न विचारता किल्ली उचलली. न्यायालयाने ते ऐकले नाही. गाडीचा गैरवापर होऊ नये, विशेषतः लायसन नसलेल्या अल्पवयीनाकडून होऊ नये, हे पाहणे मालकाचेच काम, असे सांगून भरपाईचा भार मालकावर ठेवला. तरीही कायदा आंधळा नाही. स्वर्ण सिंह निकालानुसार नुसती अट मोडली एवढे पुरत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती हे विमा कंपनीला दाखवावे लागते. किल्ली खरोखर कुलपात होती, मुलाने कुलूप फोडले, याआधी त्याला कधी गाडीवर कोणी पाहिले नव्हते, असे असेल तर वसुलीतून सुटायला मालकाला जागा आहे. पण शेजारीपाजारी, पेट्रोलपंपावरचा पोऱ्या आणि क्लासचा वॉचमन या सगळ्यांना मुलगा रोज गाडी चालवतो हे ठाऊक असते. ते एकट्या बापाला ठाऊक नव्हते, हे कोणत्या न्यायाधीशाने मानावे?

फौजदारी बाजूला तर तराजू आणखी झुकलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीनाने गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो आणि मुलाने गाडी वापरली ती त्यांच्या संमतीनेच, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे पालकावर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. पंचवीस हजारांत पोर्शेसारख्या आलिशान गाडीचा एक टायरही धड येणार नाही, हे जाता जाता. दंड कमी आहे म्हणून मी तक्रार करत नाही. खरी झळ त्या आकड्यातून बसायची नाहीच, ती भरपाईच्या वसुलीतून बसायची.

पालक : म्हणजे शेवटी सगळं पैशावर आलं. श्रीमंत बाप पैसे टाकेल आणि मोकळा होईल. माणसाच्या जिवाची किंमत लावणारा कायदा मला पटत नाही, मॅडम. त्यापेक्षा मुलाला प्रौढ समजून शिक्षा द्या, धाक तरी बसेल.

हा आक्षेप पालकांपेक्षा रस्त्यावरच्या मोर्चांत जास्त ऐकू येतो, आणि तो वजनदार आहे. पण आधी शिक्षेची वाट कुठवर जाते ते पाहू. दिल्लीत सिव्हिल लाइन्स भागात ४ एप्रिल २०१६ च्या रात्री एका मर्सिडीजने रस्ता ओलांडणाऱ्या बत्तीस वर्षांच्या तरुणाला धडक दिली, तो गेला. चालवणाऱ्या मुलाला अठरा पूर्ण व्हायला मोजके दिवस उरले होते. त्याला प्रौढ म्हणून उभे करावे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२० मध्ये निकाल आला: ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा ठरवून दिलेली आहे तोच अतिगंभीर, सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही, तेव्हा मुलाचा न्याय बालकांच्या कायद्यानेच होईल. पुण्याच्या प्रकरणातही जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने मुलाला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. हे कोणाला आवडो न आवडो, कायद्याची चौकट ती आहे. आणि ती उगाच केलेली नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला पक्क्या गुन्हेगारांच्या बराकीत ढकलून रस्ता सुरक्षित होतो, याला पुरावा हवा.

दिल्लीच्या त्याच प्रकरणात भरपाईचा दावा मात्र वयापाशी अडला नाही. जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने मृताच्या आईवडिलांना सुमारे १ कोटी ९८ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. विमा कंपनीने आधी भरावे आणि गाडी ज्या कंपनीच्या नावावर होती तिच्याकडून, म्हणजे मुलाच्या वडिलांच्या कंपनीकडून, वसूल करावे. मुलाला गाडी चालवण्यापासून रोखायचे सोडून वडिलांनी काणाडोळा केला, अशी नोंदही प्राधिकरणाने केली. भरपाईच्या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. काय घडण्याची शक्यता अधिक, एवढे दाखवले तरी पुरते. पुण्यातल्या रक्ताच्या नमुन्यांकडे या अंगाने कोणी पाहिले नाही. नमुने बदलल्याचा आरोप खरा ठरला तर फौजदारी खटल्याच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट आहे. पण मुलगा प्यायलेला होता की नव्हता, यावर मालकाची भरपाईची जबाबदारी अवलंबून नाही. रक्ताची बाटली बदलता येईल, दहावीच्या दाखल्यावरची जन्मतारीख कशी बदलणार?

राहिला जिवाची किंमत लावण्याचा मुद्दा. कायदा जिवाची किंमत लावत नाही, घरात येणारी जी मिळकत थांबली तिचा हिशेब करतो, आणि त्याची रीत २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी ठरवून दिली आहे. महिना पन्नास हजार मिळवणारा चोवीस वर्षांचा अविवाहित तरुण धरा, नोकरी कायमस्वरूपी नाही, ठरीव पगाराची. वर्षाचे सहा लाख. भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के मिळवले की आठ लाख चाळीस हजार. अविवाहित म्हणून निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा. उरले चार लाख वीस हजार. या वयाला गुणक अठरा. म्हणजे ७५ लाख ६० हजार, त्यातून आयकराचा हिशेब वेगळा. वर मालमत्तेची हानी, अंत्यसंस्कार, सहवासाला मुकणे यांचे ठरीव आकडे, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढणारे. आता त्याच रात्री, त्याच गाडीखाली, त्याच वयाचा पार्सल पोहोचवणारा पोरगा आला असता, महिना पंधरा हजारांचा, तर हीच रीत २२ लाख ६८ हजारांवर थांबते. चूक तीच, गाडी तीच, चालक तोच.

इथे पालकांचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. भरपाई मरणाऱ्याच्या कमाईवर ठरते, मारणाऱ्याच्या संपत्तीवर नाही. म्हणून धनिकाला ती झोंबेलच असे नाही. गृहिणीच्या श्रमाचे मोल धरायला हवे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा बजावले, त्या दिशेने मजुराच्या, फेरीवाल्याच्या हिशेबातही सुधारणा व्हायला हवी. पण भरपाईने शिक्षेचे काम करावे ही अपेक्षाच चुकीची. ज्याचे नुकसान झाले त्याचे ते भरून निघावे, एवढेच तिचे काम. धाक बसतो तो वेगळ्या जागी: कोट्यधीशाच्या नव्हे, तर मध्यमवर्गीयाच्या मनात. आणि अल्पवयीन मुलाच्या हातात स्कूटर देणारे मुख्यतः तेच आहेत.

पालक : आता बोललात. मी पोर्शेवाला नाही. मुलाचा क्लास पहाटे साडेसहाला, बस नाही, रिक्षा परवडत नाही. स्कूटर दिली नाही तर त्याने शिकायचं कसं? आणि त्या स्कूटरने कोणी गेलं तर पंचाहत्तर लाख मी आणायचे कुठून? घर विकलं तरी फिटणार नाहीत. अमेरिकेत सोळाव्या वर्षी गाडी देतात, तिथे जग बुडालं नाही.

वकीलबाई : अमेरिकेचं निघालं म्हणून सांगते. कॅलिफोर्नियात अल्पवयीन मुलाला लायसन हवं असेल तर अर्जावर पालकाची सही लागते, आणि ती सही म्हणजे मुलाने केलेल्या नुकसानाची जबाबदारी, कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत, अंगावर घेणं. तिथे मूल गाडी चालवतं ते शिकून, परीक्षा देऊन, आणि बापाने लेखी जबाबदारी घेऊन. आपल्याकडे यातलं काहीच नसतं, आणि तुलना मात्र वयाची करायची. सोळाव्या वर्षी इथेही लायसन मिळतं, साहेब, पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमची स्कूटर एकशेदहाची आहे.

पन्नास सीसीची स्कूटर आज शोरूममध्ये शोधून सापडत नाही, ही गोष्ट वकीलबाईंनी सांगितली नाही, मी सांगतो. कायद्याने दिलेली वाट बाजारानेच बुजवली. क्लास, बस आणि रिक्षा यांचे दुखणेही खरे आहे. पुण्यात, नाशकात, लातूरला सकाळच्या क्लासच्या वेळी रस्त्यावर उभे राहिले की ते दिसते. पण त्या दुखण्याचे औषध रस्त्यावरच्या तिऱ्हाइताने का प्यावे? बससेवा नाही याचा खर्च कोणीतरी सोसणार. तो पालक, शहर आणि क्लासचालक यांनी वाटून घ्यावा, चौकात झेब्रा क्रॉसिंगवर उभ्या असलेल्या आजोबांनी नाही.

पंचाहत्तर लाख कुठून आणायचे, या प्रश्नाला मात्र नुसत्या युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. वसुली होते कशी, ते पाहावे लागते. विमा कंपनीला नवा दावा लावावा लागत नाही, त्याच आदेशाच्या अंमलबजावणीसाठी ती अर्ज करू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्याला दाखला पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे शेतकऱ्याला जी नोटीस येते तशीच नोटीस फ्लॅटमालकाच्या दारात. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने भविष्यनिर्वाह निधी आणि पगाराचा मोठा हिस्सा जप्तीबाहेर ठेवला आहे. म्हणून पगारदार माणसाकडून सगळी रक्कम सहसा निघत नाही. उरलेला बोजा कंपनीवर, पर्यायाने हप्ता भरणाऱ्या सगळ्यांवर पडतो. हे मला गैर वाटत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून पुरेपूर आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून झेपेल तेवढे, हीच वसुलीची योग्य रीत. गैर वाटते ते उलट: ज्याच्याकडे आहे तो अपील, स्थगिती आणि कंपन्यांच्या नावांआड वर्षानुवर्षे लपतो.

वेळेचा मुद्दा इथेच येतो. दिल्लीच्या त्या १ कोटी ९८ लाखांत मूळ भरपाई सुमारे १ कोटी २१ लाखांचीच होती. उरलेले ७७ लाखांहून अधिक रुपये व्याजाचे, आठ वर्षांच्या वाटेचे. कागदावर कायद्याने घाई केली आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाला द्यायचा असतो. त्याच तारखेपासून दाव्याला सहा महिन्यांची मुदतही घातली गेली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. गावाकडचे लोक आधी पोलीस केस संपू दे म्हणून थांबतात आणि मुदत निसटते. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत, एकीसाठी दुसरी थांबवायची नसते, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले तरी पुष्कळ काम होईल.

वकीलबाई : आणखी एक राहिलं. तुमचा मुलगा स्कूटरवर असताना ट्रकने त्याला उडवलं तर? ट्रकवाल्याचा वकील म्हणेल, पोराकडे लायसन नव्हतं, भरपाई कापा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलंय की नुसतं लायसन नव्हतं म्हणून मुलाची चूक ठरत नाही. त्याच्या चालवण्यात दोष होता हे दाखवावं लागेल. कायदा तुमच्या मुलाच्या विरोधात नाही, साहेब.

पालक : हे सगळं मला आज तुमच्याकडून कळतंय. पॉलिसी काढताना एजंटने नो क्लेम बोनस सांगितला, झिरो डेप सांगितला, फुकटचं टोइंग सांगितलं. बत्तीस पानांचं पीडीएफ व्हॉट्सॅपवर आलं, ते मी उघडलंही नाही. तुम्ही लोक कलमं लिहिता, कंपनी ती बारीक अक्षरांत इंग्रजीत छापते, आणि मग म्हणता बापाने अट मोडली.

याला मात्र उत्तरपक्षाकडे उत्तर नाही, आणि असू नये. वसुलीचा अधिकार वापरणाऱ्या कंपनीने तो अधिकार आधी ग्राहकाच्या भाषेत सांगितला पाहिजे: हप्त्याच्या पावतीवर, रकमेच्या शेजारी, ठळक मराठीत एक ओळ, की अठरा वर्षांखालील किंवा लायसन नसलेल्या व्यक्तीने गाडी चालवून अपघात केल्यास भरपाईची रक्कम कंपनी आपल्याकडून वसूल करील. विमा नियामकाने हे सक्तीचे करावे. आणि ‘आधी द्या, मग वसूल करा’ असे आदेश वर्षभरात किती झाले, त्यातली रक्कम मालकांकडून प्रत्यक्षात किती आली, हेही प्रत्येक कंपनीच्या वार्षिक अहवालात स्वतंत्र रकान्यात मागावे. वकीलबाईंना पहिली सूचना मान्य आहे. दुसरीवर त्या हसल्या. त्यांच्या मते कंपन्या तो रकाना भरायला आदेशापेक्षाही जास्त वेळ लावतील. पालकांनी तेवढ्यात मुलाला फोन करून स्कूटर कुठे आहे ते विचारले.